वडिलांचे दात लवकर गेले, माझेही जाणार का? हिरड्यांचा आजार आणि आनुवंशिकता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साठी-सत्तरीतले रुग्ण पुष्कळदा पडलेला दात सोबत घेऊन येतात. एका आजोबांनी सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली आणि माझ्या टेबलावर उलगडली. आत खालचा पुढचा दात होता. कीड नाही, चीर नाही, कुठे तुकडा उडालेला नाही. फक्त मुळाभोवती, जवळपास टोकापर्यंत, काळपट किटणाचा खरखरीत थर. दात धडधाकट होता, त्याला धरून ठेवणारं हाड संपलं होतं. आजोबा म्हणाले, "आमच्या वडिलांचेही असेच गेले. आमच्या घराण्यातच आहे हे." शेजारी त्यांची चाळिशीची मुलगी उभी होती, ती गप्प ऐकत होती. पुढचे प्रश्न आजोबांसारख्यांनीच वर्षानुवर्षं मला विचारलेले आहेत. उत्तरं मात्र मी जास्त करून त्या मुलीच्या वयाच्या माणसांसाठी लिहिते आहे.

हिरड्यांचा आजार म्हणजे नेमकं काय? पायोरिया म्हणतात तोच का?

हो, जुनी मंडळी ज्याला पायोरिया म्हणतात तोच. त्याच्या दोन पायऱ्या आहेत आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

पहिल्या पायरीत फक्त हिरडी सुजते. दात आणि हिरडी मिळतात त्या कडेला जंतूंचा चिकट थर साचतो, हिरडी लाल होते, ब्रश करताना रक्त येतं. नीट साफसफाई केली की हे पूर्ण बरं होतं, मागे काही राहत नाही.

दुसऱ्या पायरीत सूज खाली उतरते. हिरडी दातापासून सुटते, मधे फट पडते आणि दाताभोवतीचं हाड झिजू लागतं. आम्ही एक बारीक, खुणा केलेली सळई या फटीत हलकेच उतरवतो आणि प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजतो. निरोगी हिरडीत ती १ ते ३ मिलिमीटर भरते. खुर्चीत बसलेल्या माणसाला माझे आकडे ऐकू येत असतात : "तीन, दोन, तीन... पाच, सहा, सात." आकडे वाढायला लागले की तो डोळे उघडून माझ्याकडे बघतो, कारण त्याला तिथे कधी काही दुखलेलंच नसतं. हाड झिजताना दुखत नाही, म्हणून तर माणूस उशिरा येतो. आणि गेलेलं हाड पहिल्या पायरीसारखं आपोआप भरून येत नाही.

यात आनुवंशिकतेचा वाटा खरोखर आहे का? किती?

आहे, आणि तो बऱ्यापैकी मोठा आहे. हे कळलं ते जुळ्यांच्या अभ्यासांमधून. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळपास सारखीच असतात, वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांची साधारण निम्मी. दोन्ही प्रकारच्या जोड्या एकाच घरात वाढलेल्या असतात. एकसारख्या जुळ्यांचे आजार एकमेकांशी जास्त जुळत असतील, तर तो जास्तीचा मेळ जनुकांचा.

अमेरिकेत २००० साली ११७ प्रौढ जुळ्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हाड झिजवणाऱ्या आजारात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे निम्मा जनुकांमुळे आहे असं त्यात दिसलं. नुसत्या सुजलेल्या हिरड्यांत मात्र जनुकांचा हात सापडला नाही, तिथे सवयी आणि स्वच्छताच निर्णायक ठरल्या. स्वीडनमधल्या हजारो जुळ्यांच्या २००५ सालच्या अभ्यासात हिरड्यांच्या आजारासाठी हा वाटा बायकांमध्ये ३९ टक्के आणि पुरुषांमध्ये ३३ टक्के निघाला. दात गमावण्यात बायकांमध्ये तो फक्त १४ टक्के होता, पुरुषांमध्ये ३९. पुढे २०१९ साली असे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा जुळ्यांवरून काढलेला आकडा ३८ टक्क्यांच्या आसपास आला. आजार जितका तीव्र, तितका जनुकांचा वाटा जास्त, हेही त्यात दिसलं.

या टक्क्यांचा अर्थ लावताना एक चूक हमखास होते. ३८ टक्के म्हणजे "माझे दात पडण्याची शक्यता ३८ टक्के" असा अर्थ नाही. "माझ्या आजारातला ३८ टक्के दोष वडिलांचा" असाही नाही. एका मोठ्या लोकसमूहात कुणाला आजार जास्त, कुणाला कमी असा जो फरक दिसतो, त्यातला किती भाग जनुकांच्या फरकाने समजावता येतो, एवढंच तो आकडा सांगतो. तुमच्या एकट्याच्या तोंडाबद्दल तो काही सांगत नाही.

जनुकं नेमकं करतात तरी काय?

हे समजण्यासाठी मी नेहमी श्रीलंकेतल्या चहामळ्यांची गोष्ट सांगते, कारण तिच्याइतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

हॅराल्ड लो या नॉर्वेजियन दंतसंशोधकाच्या चमूने १९७० साली तिथल्या चहामळ्यांवर काम करणाऱ्या ४८० तमिळ पुरुषांचे दात तपासायला सुरुवात केली. ही सगळी तरुण माणसं होती. दंतवैद्याकडे कधी गेलेली नव्हती, ब्रश वापरत नव्हती. सगळ्यांच्या दातांवर भरपूर थर आणि किटण होतं, सगळ्यांच्याच हिरड्या सुजलेल्या होत्या. दातांना कीड मात्र जवळजवळ नव्हती, त्यामुळे दात गेलाच तर तो हिरड्यांच्या आजारानेच गेला, हे उघड होतं. पंधरा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. १९८६ साली निष्कर्ष आले, ते असे : सुमारे ८ टक्के माणसांचं हाड झपाट्याने झिजलं आणि पंचेचाळिशीपर्यंत त्यांचे सगळे दात गेले. ८१ टक्के माणसांत आजार मध्यम गतीने वाढला. आणि ११ टक्के माणसांत, तेवढ्याच घाणीत, तेवढ्याच सुजेत, आजार हिरडीच्या पुढे गेलाच नाही.

मळा तोच, काम तेच, तोंडात किटण तेवढंच, आणि एकाचे सगळे दात गेले, दुसऱ्याचा एकही नाही. हा जनुकांचा अभ्यास नव्हता, आणि सगळा फरक जनुकांनीच पडला असंही म्हणता येत नाही. पण जंतू असणं एवढ्याने आजार ठरत नाही, शरीर त्या जंतूंना कसं उत्तर देतं यावर बरंच ठरतं, हे त्यानंतर नाकारता येण्यासारखं राहिलं नाही.

शरीराचं उत्तर म्हणजे काय? जंतू दिसले की पांढऱ्या पेशी धावून येतात, सूज वाढवणारी रसायनं सोडतात. हीच रसायनं हाड खाणाऱ्या पेशींनाही जागं करतात. कुणाचं शरीर मोजकं उत्तर देऊन थांबतं. कुणाचं थांबतच नाही, आणि जंतूंवर सोडलेल्या माऱ्यात स्वतःचंच हाड जळतं. हा मारा किती जोराचा आणि किती वेळ चालायचा, यावर जनुकांचा प्रभाव असतो.

मग "दात पाडणारं" एखादं जनुक सापडलं आहे का?

नेहमीच्या आजारासाठी असं एकच जनुक नाही. अनेक जनुकांचे छोटे छोटे बदल मिळून कल ठरतो. जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या रुग्णांच्या अभ्यासांतून काही ठिकाणं पुढे आली आहेत. त्यातलं एक विशेष आहे : नवव्या गुणसूत्रावरचा जो भाग हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराशी जोडला गेला होता, तोच तरुण वयातल्या तीव्र हिरड्यांच्या आजाराशीही जोडलेला निघाला. म्हणजे एका माणसात हे दोन्ही आजार एकत्र दिसतात, त्यामागे काही अंशी सामाईक मूळ असू शकतं.

एका दुर्मिळ आजारात मात्र खरोखर एकच जनुक दोषी असतं. १९२४ साली पापियों आणि लफेव्र या फ्रेंच डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. या मुलांचे तळहात-तळपाय जाड, खरखरीत असतात. दुधाचे दात चौथ्या-पाचव्या वर्षीच पडतात आणि पक्के दात किशोरवयात. कॅथेप्सिन-सी नावाचं विकर (एन्झाइम) बनवणारं जनुक बिघडलेलं असतं, हे १९९९ साली कळलं. आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली तरच हा आजार होतो. आपल्याकडे काही समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. अशा नात्यात दोघांकडे एकच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता वाढते, म्हणून हे सांगते. पाच वर्षांच्या मुलाचे दात मुळासकट पडत असतील आणि तळपायाची कातडी जाड असेल, तर "दुधाचेच आहेत" म्हणून सोडून देऊ नका.

जनुकीय चाचणी करून घेऊ का?

माझं स्पष्ट मत : नको. पैसे तपासणीवर आणि सफाईवर घाला.

या चाचणीचा इतिहास सांगते. १९९७ साली इंटरल्यूकिन-१ या दाहकारक प्रथिनाच्या जनुकांतला एक विशिष्ट मेळ असलेल्या, आणि धूम्रपान न करणाऱ्या, माणसांना तीव्र आजार जास्त होतो असं प्रसिद्ध झालं. त्यावर चाचणी बाजारात आली. २०१३ साली मिशिगनमधल्या पाच हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी पाहून असं सुचवण्यात आलं की ज्यांना हा मेळ नाही, मधुमेह नाही आणि जे धूम्रपान करत नाहीत, त्यांना वर्षातून एकदाच सफाई पुरेल. दोन वर्षांनी दुसऱ्या संशोधकांनी त्याच माहितीची पुन्हा छाननी केली, आणि सफाई कमी करण्याला या चाचणीचा आधार मिळत नाही असं दाखवलं. शिवाय हा मेळ युरोपीय वंशाच्या लोकांत बराच आढळतो, चिनी लोकांत फारच क्वचित. एका समाजावर घडवलेलं मोजमाप दुसऱ्यावर तसंच लावता येत नाही.

चाचणीपेक्षा उपयोगी माहिती तुमच्या घरात फुकट आहे. आईला, वडिलांना, मोठ्या काकांना विचारा : कवळी कितव्या वर्षी बसवली? दात किडून काढावे लागले, की हलून पडले? या दोन प्रश्नांची उत्तरं मला कुठल्याही चाचणीच्या अहवालापेक्षा जास्त सांगतात.

आमच्या घरात सगळ्यांचेच पन्नाशीत दात जातात. म्हणजे आनुवंशिकच ना?

खाण तशी माती, असं आपण लगेच म्हणतो. पण घराण्यात उतरणारी प्रत्येक गोष्ट जनुकांतून उतरत नाही. एका घरातली माणसं एकच पाणी पितात, एकमेकांचे जंतू एकमेकांच्या तोंडात पोचवतात, एकमेकांच्या सवयी उचलतात. नवराबायकोत रक्ताचं नातं नसतं, तरी दोघांच्या हिरड्यांत एकाच जातीचे जंतू सापडतात.

महाराष्ट्रात याचं सगळ्यात ठळक उदाहरण मशेरी. आजी पहाटे चुलीवर तंबाखू भाजायची, कुटून डबीत भरायची आणि बोटाने हिरड्यांना चोळत बसायची. सुनेने ते बघितलं, तिलाही लागली. पुढे नातीला. तीन पिढ्यांचे दात एकाच वयात हलायला लागले की घरचे म्हणतात, आनुवंशिक आहे. त्यातलं किती रक्तातून आलं आणि किती त्या डबीतून, हे वेगळं करणं मलाही जमत नाही. पण डबी बंद करता येते, हे मी प्रत्येक घरात सांगते. चुना-तंबाखूचा बार ज्या ठिकाणी रोज धरला जातो, नेमकी तिथली हिरडी खाली सरकलेली आणि मूळ उघडं पडलेलं मी रोज बघते.

बिडी-सिगारेटचा आणखी एक धोका असा की तिच्यामुळे हिरडीतलं रक्त येणंच कमी होतं. "माझ्या हिरड्यांतून कधी रक्त येत नाही" असं सांगणाऱ्या बिडी ओढणाऱ्या माणसाचं हाड आतून निम्मं झिजलेलं असू शकतं.

हा म्हातारपणाचा आजार आहे ना? मग चाळिशीत कशाला तपासायचं?

दात म्हातारपणी पडतात, पण आजार बहुतेक वेळा त्याच्या वीस-पंचवीस वर्षं आधी सुरू झालेला असतो. जगभरातल्या आकडेवारीचा २०१४ साली घेतलेला आढावा सांगतो की तीव्र आजाराची नवी प्रकरणं सगळ्यात जास्त ३८ व्या वर्षाच्या सुमारास सुरू होतात. म्हणून पुडीतल्या त्या दाताइतकीच मला शेजारी उभ्या असलेल्या मुलीची काळजी वाटत होती. त्या दिवशी तिचंही तोंड तपासलं. दाढांपाशी पाच-पाच मिलिमीटर भरले. तिला काहीही त्रास नव्हता, आणि उपचार सोपा होण्याचं वय तेच होतं.

वय झालं की दात जायचेच, ही समजूत सोडायला हवी. जपानने १९८९ साली "ऐंशीव्या वर्षी वीस दात" अशी मोहीम सुरू केली. तेव्हा ते फारच थोड्यांना जमत होतं. आज तिथल्या ऐंशीच्या आसपासच्या निम्म्याहून अधिक लोकांना ते जमलं आहे. एवढ्या वर्षांत जपानी लोकांची जनुकं काही बदललेली नाहीत.

मधुमेह असेल तर?

मग घराण्याचा इतिहास असो वा नसो, तुम्ही जोखमीच्या रांगेत पुढे आहात. साखर आटोक्यात नसेल तर हिरड्यांचा आजार बळावतो, आणि हिरड्यांतली सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. हिरड्यांवर नीट उपचार केल्यावर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा थोडा खाली येतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. मधुमेहाचं औषध त्यामुळे सुटत नाही, पण मदत होते. डोळे आणि पाय तपासता तसं तोंडही दरवर्षी तपासा.

मशीनने दात साफ केल्यावर ते सैल होतात म्हणे?

हा प्रश्न मला रोज विचारला जातो, आणि या भीतीने आजवर फार दात घालवले आहेत.

किटण दगडासारखं कडक असतं. दाताभोवतीचं हाड झिजलेलं असलं की हे किटणच दातांना एकमेकांशी जखडून ठेवतं. ते काढलं की दात आधीपासून किती सैल होता ते जाणवतं. सूज उतरते, हिरडी आक्रसते, दातांमध्ये फटी दिसतात, थंड पाणी लागतं. माणसाला वाटतं की डॉक्टरने दात खिळखिळे केले. खरं तर काही आठवड्यांत हिरडी घट्ट बसते आणि बरेचसे दात आधीपेक्षा कमी हलतात. किटण तसंच ठेवलं तर त्याखालचं हाड जातच राहतं, आणि पुडीतला दात होतो.

हिरड्या फुगून दातांवर चढल्या आहेत. हेही आनुवंशिक का?

क्वचित असतं. पण आधी औषधांची पिशवी काढा. रक्तदाबासाठी सर्रास दिली जाणारी अम्लोडिपीन आणि फिट्सवरची फेनिटॉइन यांनी काही जणांच्या हिरड्या फुगतात. गोळी स्वतःहून बंद करू नका. ज्यांनी लिहून दिली त्या डॉक्टरांशी बोला, पर्याय असतो.

आई ७५ वर्षांची आहे. आता उपचारांचा काही उपयोग?

उपयोग आहे. हाड परत आणता येत नसलं तरी उरलेलं टिकवता येतं. वयामुळे उपचार लागू पडत नाही असं नसतं.

घरी करण्यासारखं सगळ्यात उपयोगी काम म्हणजे दातांमधल्या फटी साफ करणं. बाटली धुण्याच्या ब्रशसारखे छोटे ब्रश मिळतात, वेगवेगळ्या जाडीचे. थरथरत्या हातांना दोऱ्यापेक्षा ते जमतात. संधिवाताने बोटं वळत नसतील तर ब्रशच्या दांड्याला जुनं फडकं गुंडाळून जाड करा, किंवा रात्रीचा ब्रश तुम्ही करून द्या. आईला खुर्चीत बसवा, मागे उभे राहा, तिचं डोकं तुमच्या पोटाशी टेकू द्या. समोरून करण्यापेक्षा हे दोघांनाही सोपं जातं.

उघड्या पडलेल्या मुळांना कीड फार लवकर लागते, विशेषतः गोळ्यांमुळे तोंड कोरडं पडत असेल तर. म्हणून फ्लोराइडची पेस्ट हवी, आणि दिवसभर खडीसाखर किंवा गोड गोळी चघळणं थांबवायला हवं. मीठ-हळद लावून बरं वाटत असेल तर लावू द्या, पण त्याने खोल फटीतलं किटण निघत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, किंवा हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून इंजेक्शनं चालू असतील, तर दात काढण्याआधी ते दंतवैद्याला नक्की सांगा.

सगळे काढून इम्प्लांट (हाडात स्क्रूसारखे रोवलेले कृत्रिम दात) बसवले तर कटकट संपेल ना?

दात बदलला तरी शरीर तेच राहतं. ज्या माणसाचे दात हिरड्यांच्या आजाराने गेले, त्याच्या इम्प्लांटभोवतीचं हाडही तशाच सुजेने झिजण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. इम्प्लांट वाईट नाही, मीही सुचवते. पण आधी आजार आटोक्यात हवा, तंबाखू सुटलेली हवी आणि नंतर दर काही महिन्यांनी तपासणीला येण्याची तयारी हवी. पाच-सहा मिलिमीटरवर टिकवता येण्यासारखे दात घाईने काढायला मी तरी तयार होत नाही.

तपासणीला गेल्यावर नेमकं काय मागायचं?

"प्रत्येक दाताच्या हिरडीची खोली मोजून तिची नोंद द्या" असं सांगा. नुसतं "सफाई करून द्या" म्हणालात तर पुष्कळदा वरवरचं काम होऊन तुम्ही घरी येता. हाड किती उरलं आहे हे पाहायला एक्स-रे लागतो, त्याची प्रत घ्या आणि जपून ठेवा. दोन वर्षांनी पुढच्या एक्स-रेशेजारी ती ठेवली की आजार किती वेगाने चालला आहे ते कळतं, आणि हा वेगच सगळ्यात महत्त्वाचा. घरात कुणाचे दात पन्नाशीच्या आत हलून गेले असतील तर ते आपणहून सांगा, विचारायची वाट बघू नका.

खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत, किंवा गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात जा. तिथे हिरड्यांसाठी वेगळा विभाग आहे. केसपेपर काढताना "हिरड्या दाखवायच्या आहेत" असं म्हणा. सकाळी लवकर पोचा, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून सोबत न्या.